आईचं पोवळं आणि काचेतला समुद्र



मागच्या हिवाळ्यात मी पाच महिने लेकीकडे न्यू जर्सीला राहून आले. तिथल्या स्वयंपाकाबद्दल आणि थंडीबद्दल लिहून झालंय. एक विषय मात्र मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो माझ्या मनात अजून मिटला नव्हता.

माझ्या जावयांनी दिवाणखान्यात पाऊणशे लिटरची एक काचेची टाकी ठेवली आहे. आपण पाहतो तशी गोड्या पाण्यातल्या लाल माशांची नाही. आत समुद्राचं खारं पाणी, दगड, दोन नारिंगी मासे, काही गोगलगायी आणि जिवंत प्रवाळ. पहिल्या दिवशी मला ती प्लास्टिकची फुलंच वाटली. मग नातीने खोलीतला दिवा घालवला, टाकीचा निळा दिवा तेवढा राहिला, आणि ती ‘फुलं’ पाण्याबरोबर हलताना दिसली.

ती आठ वर्षांची आहे. माझ्या बोटातलं पोवळं चाचपत तिने विचारलं, “आजी, हे पण जिवंत होतं?”

हे पोवळं माझ्या आईचं. तिला मंगळासाठी घालायला सांगितलं होतं, तिने चाळीस वर्षं घातलं, तिच्या मागे मी घातलं. रात्रीचं जेवण नाही, कंदमूळ नाही, पाणी गाळल्याशिवाय नाही, हे सगळं पाळणाऱ्या आमच्या घरात या अंगठीबद्दल कोणी कधी काही विचारलं नव्हतं. मी नातीला म्हटलं, “थांब, आजी वाचून सांगते.” लेकीच्या गावच्या वाचनालयात खूप पुस्तकं मिळाली. त्या वाचनातून जे हाती आलं तेच आज सांगते.

सुरुवात अंगठीपासूनच करायला हवी. आपल्याकडचं दागिन्यातलं लाल पोवळं जुन्या काळापासून भूमध्य समुद्रातून येत आलंय. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याचं ‘पेरिप्लस’ नावाचं टिपण आहे. त्यात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबं, कथील, शिसं यांच्याबरोबर पोवळं आहे. त्याच भडोचला पैठण आणि तेर इथला माल गाड्यांतून जात असे. रोमन लेखक प्लिनी लिहितो की आपल्या लोकांना मोत्याचं जितकं मोल, तितकं भारतीयांना पोवळ्याचं. पुढे सतराव्या-अठराव्या शतकात इटलीतल्या लिव्होर्नो बंदरातले ज्यू व्यापारी गोव्याला पोवळी पाठवत आणि बदल्यात हिरे मागवत. म्हणजे आपल्या पणजीच्या पणजीच्या गळ्यातला लाल मणी निम्मं जग हिंडून आलेला असे.

एवढा व्यापार होता, पण ही वस्तू मुळात काय आहे हे विकणाऱ्याला कळत नव्हतं आणि घेणाऱ्यालाही. फांद्या असतात म्हणून झाड म्हणावं, तर हातात दगड लागतो. युरोपात जुनी समजूत अशी की पाण्यात असेपर्यंत ते मऊ असतं, हवा लागली की दगड होतं. समुद्रात जाळं टाकून ते ओढून काढणाऱ्या कोळ्यांना ते कठीणच हाती येत होतं. तरीही पुस्तकातली समजूत शतकानुशतकं टिकली.

तिला पहिला धक्का दिला तो काचेच्या बरणीने. लुइजी मार्सिली नावाचा बोलोन्याचा सरदार होता. लढाईत अपेश येऊन नोकरी गेल्यावर तो दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर समुद्राचा अभ्यास करत राहिला. १७०६ साली त्याने पोवळ्याची ताजी फांदी समुद्राच्या पाण्यासकट काचेच्या भांड्यात ठेवली. थोड्या वेळाने पाहतो तर फांदीभर पांढरी फुलं, प्रत्येकाला आठ पाकळ्या. पाण्याबाहेर काढली की फुलं मिटत, परत पाण्यात ठेवली की उमलत. मार्सिलीला आनंद झाला. पोवळं ही वनस्पती आहे, कारण त्याला फुलं येतात, असं त्याने जाहीर केलं. विद्वानांनाही ते पटलं.

त्यानंतर मार्सेचा एक तरुण डॉक्टर, झां-आंद्रे पेसोनेल, याने १७२० च्या दशकात तेच केलं. तो आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर गेला. बरणी तशीच, पाणी तसंच. फक्त तो जास्त वेळ बघत बसला. हात लावला की ‘फूल’ आकसतं हे त्याने पाहिलं. कुजल्यावर येणारा वास पाल्याचा नव्हता, माशाचा होता. त्याने लिहिलं की ही फुलं नाहीत, हे छोटे प्राणी आहेत आणि दगडासारखी फांदी हे त्यांनी बांधलेलं घर आहे.

पॅरिसच्या विज्ञान अकादमीत रेओम्यूर नावाचे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांना हे इतकं चमत्कारिक वाटलं की त्यांनी १७२७ साली त्याचं खंडन केलं, आणि पोराचं हसं होऊ नये म्हणून त्याचं नावसुद्धा घेतलं नाही. पेसोनेल पुढे कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर डॉक्टर म्हणून गेला आणि तिथेच राहिला.

मग १७४० च्या सुमारास हॉलंडमध्ये एका सरदाराच्या मुलांना शिकवणाऱ्या आब्राम ट्रांब्ले या शिक्षकाला तळ्याच्या पाण्यात एक हिरवा, दोऱ्याएवढा जीव सापडला. खिडकीतल्या बरण्यांत ठेवून त्याने त्याच्यावर प्रयोग केले. ते प्रयोग वाचताना माझं मन कचरलं, कारण त्याने त्या जीवाचे तुकडे केले. दोन तुकड्यांचे दोन जीव झाले. झाडासारखी फूट आणि प्राण्यासारखं खाणं, दोन्ही एकाच देहात. ते पाहिल्यावर रेओम्यूरांना पेसोनेल आठवला आणि त्यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली. पेसोनेलचा प्रबंध मात्र पॅरिसने छापला नव्हता. त्याचा गोषवारा लंडनच्या रॉयल सोसायटीने १७५० च्या दशकात छापला.

मी हे सगळं नातीला साध्या शब्दांत सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे पहिल्या माणसाने बघितलं बरोबर, पण समजलं चुकीचं.” मुलं किती नेमकं बोलतात.

इथे आपल्या ग्रंथांची आठवण होणं साहजिक आहे. मूलाचारात पृथ्वीकायिक जीवांचे छत्तीस प्रकार दिले आहेत. त्यात माती, वाळू, मीठ, तांबं यांच्या रांगेत प्रवाळही आहे. शंख-शिंपले मात्र दोन इंद्रियांच्या जीवांत मोजले जातात. आता टाकीत जो दिसतो तो पॉलिप स्पर्श ओळखतो, तोंडाने खातो. त्याला कुठल्या रांगेत बसवायचं हे मी सांगणार नाही. तो अधिकार माझा नाही. “आपल्याकडे हे आधीच लिहिलं होतं” असा डांगोराही मला पिटायचा नाही. मला एवढंच टोचलं की जिथे युरोप ‘दगड की झाड’ असा वाद घालत होता, तिथे आपण त्यात जीव आहे असं रोज म्हणत होतो, आणि तरीही बोटात घालत होतो. प्रवाळ भस्मही पित्तावर सर्रास घेत होतो. त्यांना माहीत नव्हतं. आपल्याला माहीत होतं, पण आपण कधी बघितलं नव्हतं.

समुद्र घरात आणून ठेवायचं हे वेड कोणी सुरू केलं, हे शोधताना मला बायका भेटल्या. त्यांच्याबद्दल तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिली जान व्हिलप्रू-पॉवर. १७९४ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्मली, पॅरिसला येऊन शिवणकाम-भरतकाम करू लागली. १८१६ साली एका राजकन्येच्या लग्नाच्या पोशाखावर तिने भरतकाम केलं आणि तिचं नाव झालं. एका इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिली बेटावरच्या मेसिना गावी गेली. तिथे समुद्रात अर्गोनॉट नावाचा आठ हातांचा एक जीव असतो, कागदासारख्या पातळ शिंपल्यात राहणारा. हा शिंपला तो स्वतः बनवतो की दुसऱ्याचा चोरतो, असा विद्वानांत वाद होता. १८३२ पासून तिने हे जीव काचेच्या टाक्यांत आणि समुद्रात बुडवलेल्या पिंजऱ्यांत ठेवून पाहिले. पिल्लू स्वतः शिंपला तयार करतं आणि तुटला तर दुरुस्तही करतं, हे तिने दाखवून दिलं. पुढे तिचा संग्रह आणि कागदपत्रं घेऊन निघालेलं जहाज १८३८ साली बुडालं. किती वर्षांची मेहनत पाण्यात गेली! तरी आज घरातल्या अभ्यासाच्या टाकीचा मान तिच्याकडेच जातो.

दुसरी अ‍ॅना थिन. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या मोठ्या चर्चमधल्या उपप्रमुखांची बायको. १८४६ साली ती टॉर्के या समुद्रकाठच्या गावी गेली असताना तिला खडकावर छोटे दगडी प्रवाळ दिसले. ते लंडनला न्यायचे होते. तिने काय केलं असेल? सुई-दोरा घेतला आणि ते स्पंजवर टाके घालून बसवले, म्हणजे बरणीत आपटणार नाहीत. घरी आल्यावर प्रश्न पाण्याचा. रोज समुद्राचं पाणी लंडनला कुठून आणणार? म्हणून घरातली मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत असे. आपण गरम दूध निववायला फुलपात्रातून वाटीत धार धरतो, तसंच. तेवढ्याने पाण्यात हवा मिसळे. नंतर तिने समुद्रातल्या वनस्पतीही बरणीत घातल्या. या रीतीने तिने ते प्रवाळ सुमारे तीन वर्षं जगवले, त्यांची वाढ आणि फूट नोंदवली आणि १८५९ साली ते छापून आलं. त्या मोलकरणीचं नाव मला कुठे मिळालं नाही. पण खरं सांगायचं तर ते प्रवाळ तिच्या मनगटांवर जगले.

मग १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने त्यामागचा हिशोब मांडला. आधी गोड्या पाण्यात, दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पती घेऊन. माशाने सोडलेला वायू वनस्पती घेते, वनस्पतीने सोडलेला प्राणवायू मासा घेतो. पण हिशोब जुळेना. पानं कुजून पाणी गढूळ होई. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेलं खाल्लं आणि ताळेबंद जुळला. सांगलीला बी.कॉम. करताना आम्हाला ट्रायल बॅलन्स न जुळण्याचा जो धसका असे, तो आठवून मला हसू आलं. जी नोंद किरकोळ म्हणून वगळावी, तीच कमी पडत असते.

यानंतर लाट आली. काचेवरचा कर १८४५ साली उठला होता, काच स्वस्त झाली होती. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं घर उघडलं. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आलं आणि हाच शब्द घरोघरी रूढ झाला. ज्यांना समुद्र लांब, त्यांच्यासाठी गॉसने क्षार मिसळून घरी समुद्राचं पाणी करायची कृतीही छापली. मग काय, मध्यमवर्गीय घरांतली माणसं टोपल्या आणि हातोडे घेऊन किनाऱ्याकडे निघाली. काही वर्षांत वेड ओसरलं, पण तोवर कित्येक किनाऱ्यांवरची खडकातली डबकी रिकामी झाली होती. गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ साली वडिलांवर लिहिलेल्या पुस्तकात याचं फार दुःख केलं आहे. जीवांवर प्रेम असलेल्या आपल्या धर्मभोळ्या वडिलांच्या पुस्तकांनीच लोकांना तिथवर नेलं, हे त्याला सलत होतं.

मैत्रिणींनो, इथवर वाचून मला वाटत होतं की मी शहाणी झाले. मग माझ्या हातून जे घडलं ते सांगते.

जानेवारीत लेक, जावई आणि नात आठ दिवस बाहेरगावी गेली. टाकी माझ्यावर सोपवली. माशांना खाऊ घालायचं काम मी नाकारलं होतं, कारण ते गोठवलेल्या कोळंबीचं असतं आणि ते माझ्या हातून होणार नाही. जावयांनी एका शब्दाने आग्रह केला नाही, शेजारच्या मुलाला सांगितलं. माझ्याकडे एकच काम होतं. रोज टाकीतलं लिटरभर पाणी उडून जातं, तेवढं भरायचं. बाजूच्या खोलीत दोन पांढरे कॅन होते. एकात गाळून शुद्ध केलेलं साधं पाणी, दुसऱ्यात मीठ कालवलेलं. “आई, साधं पाणी घाला,” असं त्यांनी सांगितलं होतं. पण दुसऱ्या दिवशी माझ्या मनाने घेतलं की समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच भरायला हवं, ते घाईत काहीतरी चुकीचं बोलले असतील. आणि मी रोज लिटरभर खारं पाणी घालत राहिले.

पाचव्या दिवशी प्रवाळ पूर्वीसारखे फुलेनात. मला वाटलं, थंडी असेल. सातव्या दिवशी एक गोगलगाय उलटी पडलेली दिसली, आठव्या दिवशी दुसरी. मंडळी परत आली. जावयांनी यंत्राने खारेपणा मोजला. हजारात ३५ भाग असायला हवा तो ३९ झाला होता.

रात्री मी वही घेऊन हिशोब केला. पाणी उडतं, मीठ उडत नाही. खाऱ्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ. सात दिवस, सात लिटर, २४५ ग्रॅम. शिवाय पहिल्या दिवशी मी विसरले म्हणून घाईने दुसऱ्या दिवशी एक लिटर जास्तीचं घातलं होतं, म्हणजे २८० ग्रॅम. दगड वगळता टाकीत पाणी सत्तर लिटर. भागाकार बरोबर चार. चाळीस वर्षं रोज आमटी करणारी बाई मी. आमटी आटली की आपण त्यात साधं पाणी घालतो, मिठाचं पाणी नाही. गॉसच्या काळच्या पुस्तकांतही हीच सूचना असायची. हातातली गोष्ट, पण मला आठवली नाही, कारण मी समोरच्या जीवाकडे न बघता माझ्या समजुतीकडे बघत होते. मार्सिलीला हसायचा मला काय अधिकार?

जावई म्हणाले, “आई, माझ्या हातूनही पहिल्या वर्षी असं झालंय. मी कॅनवर नीट लिहून ठेवायला हवं होतं.” त्यांचा चांगुलपणा. त्यांनी तीन दिवसांत थोडं थोडं करून खारेपणा खाली आणला, एकदम नाही, कारण एकदम उतरवलं तरी जीवांना धक्का बसतो. आठवडाभराने प्रवाळ पुन्हा उमलले. गोगलगायी गेल्या त्या गेल्याच. त्या संध्याकाळच्या प्रतिक्रमणात ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणताना मला पहिल्यांदा माहीत होतं की मी ते नक्की कोणाला म्हणतेय.

मग मी जावयांना सरळ विचारलं, “हे ठेवायचंच कशाला? समुद्रातला जीव समुद्रात बरा.” त्यांनी टाळलं नाही. पुढचा इतिहास मला त्यांच्याकडून कळला.

गॉसच्या काळानंतर शंभर वर्षं प्रवाळ घरात फारसे जगतच नव्हते. १९६१ साली जाकार्तामधल्या ली चिन एंग या गृहस्थांनी एका अमेरिकन मासिकात आपली रीत छापली. समुद्रातले जिवंत दगड, म्हणजे ज्यांच्या छिद्राछिद्रांत सूक्ष्म जीव आहेत असे, समुद्राचं पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे. घाण पचवायचं काम ते दगड करतात. पुन्हा तोच ताळेबंद. नंतर जर्मन हौशी मंडळींनी त्याला तेजस्वी दिव्यांची आणि फेस काढणाऱ्या नळीची जोड दिली. १९८० च्या दशकात ही रीत अमेरिकेत पोचली. ती नळी मी पाहिली. आत बारीक बुडबुडे उठतात आणि पाण्यातली घाण फेसाबरोबर वर येऊन वाटीत साठते. माझ्या वडिलांच्या गुऱ्हाळात काहिलीवर रस उकळताना वर येणारी मळी झाऱ्याने काढत, अगदी तेच.

पण काळी बाजूही आहे. १९६० च्या दशकापासून फिलिपिन्समध्ये शोभेचे मासे पकडण्यासाठी पाण्यात सायनाइड फवारू लागले. मासा गुंगतो, पकडला जातो, आणि आजूबाजूचा प्रवाळ मरतो. घरातल्या एका सुंदर टाकीमागे समुद्रातला एक पांढरा पडलेला तुकडा. आजही खाऱ्या टाकीतले बहुतेक जातींचे मासे समुद्रातूनच पकडलेले असतात. जावयांनी घेतलेले नारिंगी मासे मात्र टाकीतच जन्मलेले. ही जात १९७० च्या दशकापासून माणसांनी पैदाशीत आणली आहे. आणि त्यांचे प्रवाळ दुसऱ्या हौशी लोकांच्या टाकीतून छाटून आणलेले, आपण जास्वंदीची फांदी शेजारणीला देतो तसे. “समुद्रातून काही आणायचं नाही, हा माझा नियम,” ते म्हणाले. मला तो आवडला. पण कोळंबी राहतेच, काचही राहते. आमचं तेवढं एकमत झालं नाही आणि ते आम्ही दोघांनी मान्य केलं.

आपल्याकडे कायदाच कडक आहे, हे बरं आहे. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, खडक बांधणारे प्रवाळ आले. कोणी हौसेने मालवणहून प्रवाळाचा तुकडा शोकेससाठी आणत असेल तर तो गुन्हा आहे, हे नक्की सांगा. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आम्ही भिशीच्या मैत्रिणी तिथे गेलो होतो, तेव्हा पाण्यात उतरलेले पर्यटक खडक समजून प्रवाळावर उभे राहून फोटो काढत होते. तेव्हा मलाही तो खडकच वाटला होता.

फोटोवरून शेवटचं सांगते. समुद्रातून काही न घेता समुद्र घरी आणायची एक रीत माणसाला सापडली, ती छायाचित्राची. लुई बुतां या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९३ साली दक्षिण फ्रान्समधल्या बान्यूल्सच्या समुद्रात पाण्याखाली फोटो काढले. सुरुवातीला एकेका फोटोला अर्धा अर्धा तास लागे, तोवर तळाशी उभं राहायचं. पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो १९२६ साली फ्लोरिडाच्या ड्राय टोर्टुगास बेटांजवळ लाँगली आणि मार्टिन या दोघांनी काढले. पाण्यावर तराफा, त्यावर मॅग्नेशियमची पूड, आणि तिचा स्फोट करून उजेड. जीवावरचाच खेळ होता तो. ते फोटो जानेवारी १९२७ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’मध्ये छापले गेले.

माझा खेळ साध्या फोनचा. सुरुवातीला सगळे फोटो निळे यायचे, कारण टाकीचा दिवा निळा. लेकीने फोनला लावायची नारिंगी काच आणून दिली आणि खरे रंग दिसू लागले. मग माझं मलाच कळत गेलं. काच आतून-बाहेरून पुसायची. खोलीतले दिवे घालवायचे, नाहीतर फोटोत आपलाच चेहरा येतो. पाणी फिरवणारा पंप पाच मिनिटं बंद करायचा. फोन काचेला सरळ टेकवायचा, तिरका धरला की चित्र फाकतं. पंप परत सुरू करायला विसरायचं नाही, म्हणून मी स्वयंपाकघरातलं टायमर लावत असे.

रोज सकाळी अकराला, एकाच जागेवरून, एकाच प्रवाळाचा एक फोटो. आणि वहीत तारीख, खारेपणा, तापमान. चौदाव्या आठवड्यात नातीबरोबर सगळे फोटो ओळीने लावले, तेव्हा दिसलं की एका पॉलिपचं तोंड लांबट होत गेलं, मध्ये खळी पडली, आणि एकाची दोन तोंडं झाली. रोज बघताना कळलं नव्हतं. अ‍ॅना थिनने भांड्यात मोजलेली फूट तीच असणार.

नात फोटोकडे बघत होती, मग माझ्या बोटाकडे. तिने परत विचारलं नाही. मीच म्हटलं, “हो. जिवंत होतं. असे खूप जण मिळून राहत होते तिथे.”

परत आल्यावर मी अंगठी काढून ठेवली. आईने ती श्रद्धेने घातली होती, तिला दोष देववत नाही, आणि आता ती विकली किंवा फेकली तरी त्या जीवांना त्याचं काही नाही. देवघराच्या खणात आईच्या जपमाळेजवळ ती आहे. डबीत त्या दोन तोंडांच्या पॉलिपचा छोटा फोटो घडी करून ठेवलाय. डबी पुढे नातीकडे जाईल. तिने ती घालायची की नाही ते तिचं ती ठरवेल, पण न विचारता घालणार नाही एवढं मला माहीत आहे.

तुमच्याही घरी कोणाचं पोवळं असेल. टाकून द्या असं मी म्हणत नाही. एकदा हातात घेऊन उजेडात नीट बघा. त्यावर बारीक रेषा दिसतात. तो लाल दगड त्या जीवांनी थोडा थोडा करून बांधलेला आहे.

जाणते-अजाणतेपणी काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.